बंद पडलेल्या म्युझिक प्लेअरमधून भजनांची रेकॉर्डिंग्ज परत काढायची आहेत (नाशिक) – मदत हवी

गोदातीर | ३ डिसेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

आमच्या अण्णांकडे (वडील) एक छोटा म्युझिक प्लेअर आहे. चार जीबीचा, बोटभर लांबीचा, माइकवाला. २०११ साली भावाने घेऊन दिला होता. अण्णा पंचवटीतल्या एका भजनी मंडळात पखवाज वाजवतात. मंडळाच्या बुवांचं भजन ते दर एकादशीला याच प्लेअरवर घ्यायचे. पेटीच्या बाजूला घडी केलेला रुमाल, त्यावर प्लेअर, माइकची पाठ टाळकऱ्यांकडे करून. तसं ठेवलं की टाळ अंगावर येत नाहीत, बुवांचा शब्द स्वच्छ येतो.

बुवा २०१९ मध्ये गेले. त्यांच्या चाली कुठेही लिहिलेल्या नाहीत. त्यातली एका गौळणीची चाल त्यांच्या गुरूंकडून आलेली, ती आता मंडळात कुणालाच पूर्ण येत नाही. अण्णांना ठेका आठवतो, धृपद आठवतं, पण अंतरा कुठून उचलायचे ते नेमकं सांगता येत नाही. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेला आमची दिंडी त्र्यंबकेश्वरला जाते. यंदा मंडळातल्या नव्या मुलांनी ती गौळण बसवायची ठरवली, म्हणून कपाटातून प्लेअर काढला.

चालू केला की कंपनीचं चिन्ह येतं आणि तिथेच अडकतो. संगणकाला जोडला तर विंडोज म्हणतं, ‘ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल.’ मी रद्द केलं. एम. जी. रोडवरच्या एका दुकानात दाखवला. ते म्हणाले, फॉरमॅट मारून देतो, दहा मिनिटांत चालू होईल, आतलं मात्र जाईल. मला प्लेअर चालू नाही झाला तरी चालेल, आतलं हवं आहे. परत घेऊन आले.

दुसरीकडे कुठेही प्रत नाही. काय करू?

---

सातपूरकर | ३ डिसेंबर, रात्री १०:१५

ताई, रद्द केलंत आणि दुकानातून परत आणलात, या दोन गोष्टींनी अर्धं काम झालंय. आता प्लेअर पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका.

नीट वाचा. विंडोज ‘फॉरमॅट करा’ म्हणतंय याचा अर्थ प्लेअर त्याला ड्राइव्ह म्हणून दिसतोय. आतली चिप बोलतेय, फक्त तिच्यावरची मांडणी विंडोजला वाचता येत नाहीये. पुष्कळ प्लेअर एमटीपी नावाच्या पद्धतीने जोडले जातात, तेव्हा संगणकाला फक्त प्लेअरने दाखवलेल्या फायली दिसतात आणि रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरला आत शिरताच येत नाही. तुमचा तसा नाही, हे चांगलं लक्षण.

बहुतेक फॅट मांडणी (चिपवर फायलींचा हिशोब ठेवायची पद्धत) बिघडली असणार. भजनाच्या वहीची अनुक्रमणिका आणि पहिलं पान फाटलं तर अभंग पुसले जातात का? ते आपापल्या पानावर असतातच, कुठल्या पानावर ते सांगणारं कुणी उरत नाही एवढंच. इथे तसंच आहे. फायलींची नावं, त्या कुठे सुरू होतात, पुढचा तुकडा कुठे, हा हिशोब चिपच्या सुरुवातीला असतो. तो बिघडला की सगळं गेल्यासारखं दिसतं. आवाज मात्र जागेवर असतो, जोपर्यंत त्याच्यावर दुसरं काही लिहिलं जात नाही तोपर्यंत.

म्हणून पहिला आणि शेवटचा नियम: प्लेअरवर काहीही लिहायचं नाही. आधी पूर्ण चिपची जशीच्या तशी प्रत संगणकावर घ्यायची. जे काही प्रयोग करायचे ते प्रतीवर.

---

पाथर्डीफाटा | ३ डिसेंबर, रात्री १०:५०

विंडोजमध्ये ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स, एरर चेकिंग. माझा पेनड्राइव्ह असाच दुरुस्त झाला होता. पाच मिनिटांचं काम आहे.

---

सातपूरकर | ३ डिसेंबर, रात्री ११:०५

@पाथर्डीफाटा, दादा, पेनड्राइव्ह पुन्हा वापरायचा असेल तर ठीक. इथे नको. चेकडिस्क दुरुस्ती करतं म्हणजे त्याच ड्राइव्हवर लिहितं. ज्या तुकड्यांचा मालक त्याला सापडत नाही त्यांना एकेक नंबर देऊन सीएचके फायली बनवतं, किंवा ती जागा सरळ मोकळी म्हणून सोडून देतं. एकदा केलं की मागे येता येत नाही. प्रत हातात आल्यावर प्रतीच्या प्रतीवर करून बघायला माझी हरकत नाही.

---

पाथर्डीफाटा | ३ डिसेंबर, रात्री ११:१२

बरोबर आहे तुमचं. ताई, मी सांगितलेलं करू नका.

---

देवळालीकर | ४ डिसेंबर, सकाळी ७:३०

धाग्यात घुसतोय, माफ करा. माझ्याकडे जुना आयपॉड क्लासिक आहे, १६० जीबीचा. चालू होतो, गाणी वाजतात. ज्या संगणकावरून भरला होता तो मोडीत गेला. नव्या लॅपटॉपला लावला की आयट्यून्स म्हणतं की हा दुसऱ्या लायब्ररीला जोडलेला आहे, पुसून सिंक करू का? एक मित्र म्हणाला, कधीतरी बंद पडलाच तर हार्डडिस्क काढून रात्रभर फ्रीजमध्ये ठेव, मग चालते.

---

ओझरचा_वाटसरू | ४ डिसेंबर, सकाळी ९:१०

@देवळालीकर, पुसून सिंकला कधीच हो म्हणू नका. आयपॉडला डिस्क म्हणून उघडा, लपवलेल्या फायली दाखवा, आत ‘आयपॉड कंट्रोल’ नावाचं फोल्डर दिसेल. त्यात ‘म्युझिक’ आणि त्याच्या आत एफ००, एफ०१ अशी पुष्कळ फोल्डरं. तुमची सगळी गाणी तिथे आहेत. फायलींची नावं चार अक्षरांची, काहीही अर्थ नसलेली दिसतील, घाबरू नका. गाण्याचं खरं नाव, गायक, अल्बम हे फाइलच्या पोटातल्या टॅगमध्ये असतं. पूर्ण फोल्डर लॅपटॉपवर कॉपी करा आणि एमपी३टॅगसारख्या सॉफ्टवेअरने टॅग वाचून नावं बदलून घ्या. शेकडो फायली एकदम होतात.

फ्रीज अजिबात नको. बाहेर काढल्यावर थंड डिस्कवर दंव धरतं, आतल्या तबकडीवर पाण्याचा थेंब म्हणजे संपलं. क्लासिकमध्ये १.८ इंची फिरती हार्डडिस्क असते. टिक-टिक असा ठरावीक आवाज यायला लागला तर वीज तोडा आणि डेटा रिकव्हरीचं काम करणाऱ्याकडेच न्या. घरी प्रयत्न वाढवत गेलं की तबकडीवर ओरखडे वाढत जातात.

---

देवळालीकर | ४ डिसेंबर, दुपारी १:०५

सापडलं! चौदा हजारांच्या वर फायली आहेत. कॉपी लावली आहे. ओझरकर, मनापासून आभार. ताई, आता तुमचा धागा तुमच्या हवाली.

---

गोदातीर | ४ डिसेंबर, रात्री ८:२०

सातपूरकरदादा, प्रत कशी घ्यायची ते सांगाल का? मला संगणक वापरता येतो, पण हे कधी केलं नाही. मुलगा बारावीला आहे, तो मदत करेल.

आणखी एक. प्लेअरचा मागचा भाग किंचित फुगल्यासारखा वाटतोय. काल लक्षात आलं नव्हतं.

---

निफाडचा_गारठा | ४ डिसेंबर, रात्री ८:४५

ताई, फुगलाय म्हणजे बॅटरी फुगली. आधी हे बघा. लिथियमची बॅटरी आहे, दाबू नका, टोचू नका, रात्री चार्जिंगला लावून झोपू तर मुळीच नका. मी मोबाइल दुरुस्ती करतो, म्हणून सांगतो. किंचितच फुगवटा असेल तर जाणत्या माणसाकडून उघडून बॅटरी बदलून घ्या. काही प्लेअर बॅटरीशिवाय यूएसबीच्या विजेवर चालतात, काही अजिबात उठत नाहीत, म्हणून नुसती काढून टाकण्यापेक्षा बदललेली बरी. खराब बॅटरीवर प्रत घ्यायला बसाल तर मधेच जोडणी तुटत राहील.

दुकानदाराला ठणकावून सांगायचं: फक्त बॅटरी, आतलं काही करायचं नाही, संगणकाला लावायचं नाही. शक्य असेल तर समोर बसून करून घ्या.

---

सातपूरकर | ४ डिसेंबर, रात्री ९:३०

निफाडकरांना अनुमोदन. बॅटरी झाल्यावर:

एका रिकाम्या पेनड्राइव्हवर उबंटू (विंडोजऐवजी संगणक चालवणारी फुकट प्रणाली) घ्या आणि संगणक त्यावरून सुरू करा, इन्स्टॉल करायची गरज नाही. त्यात डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्रॅम घालता येतो, फुकट आहे. तो आधी जे सहज वाचता येतं ते सगळं उचलतो, अडणाऱ्या जागा बाजूला ठेवतो आणि शेवटी त्यांच्याकडे वळतो. साधी कॉपी पहिल्याच खराब जागी अडकून बसते, त्यामुळे ती इथे उपयोगाची नाही. शिवाय कुठवर आलो याची एक नकाशा-फाइल तो ठेवतो. ती प्रतीच्या शेजारी, संगणकाच्या डिस्कवर ठेवा. जोडणी तुटली तरी तीच फाइल देऊन पुढे चालू करता येतं.

एकच गोष्ट दहा वेळा तपासा: कुठून आणि कुठे. उलटं दिलंत तर रिकामी डिस्क प्लेअरवर उतरेल आणि मग कुणीच काही करू शकणार नाही. प्लेअर ओळखायची खूण म्हणजे आकार. चार जीबीचा प्लेअर तिथे ३.७ च्या आसपास दिसेल. एंटर दाबायच्या आधी मुलाला मोठ्याने वाचायला सांगा, तुम्ही ऐका.

प्रत झाली की प्लेअर डबीत ठेवून द्या.

---

गोदातीर | ८ डिसेंबर, रात्री ११:२५

प्रत झाली!

बॅटरी शनिवारी बदलून घेतली, शेजारी बसून. दुकानातल्या मुलाने पातळ प्लास्टिकच्या पट्टीने कडेकडेने उचलत बॅटरी काढली, उशीसारखी झाली होती. आज संध्याकाळी प्रत लावली. ६१ टक्क्यांवर जोडणी तुटली. माझ्या छातीत धस्स झालं, पण मुलाने केबल बदलली, संगणकाच्या मागच्या बाजूला लावली आणि तीच नकाशा-फाइल दिली, तर तिथूनच पुढे सुरू झालं. शेवटी तीन ठिकाणं मिळून दोन एमबीच्या आसपास वाचता आलं नाही. बाकी सगळं आलं.

अण्णा शेजारी खुर्ची टाकून बसले होते. त्यांना वाटत होतं आता लगेच ऐकू येईल. त्यांना काय सांगू?

---

सातपूरकर | ८ डिसेंबर, रात्री ११:५०

त्यांना सांगा, दूध आलंय, आता विरजण लावायचं.

टेस्टडिस्क (बिघडलेली मांडणी वाचणारा प्रोग्रॅम) घ्या, प्रतीची फाइल त्यात उघडा. ॲडव्हान्स्ड, मग बूट. फॅट३२ मध्ये पहिल्या पानाची, म्हणजे बूट सेक्टरची, एक जादा प्रत सहाव्या सेक्टरला ठेवलेली असते. मुख्य खराब आणि जादा चांगली असं दिसलं तर ‘बॅकअप बीएस’ निवडा. मग लिस्ट. फायलींची यादी नावांसकट दिसली तर तुमचं नशीब थोर.

नाहीच दिसली तर फोटोरेक हा प्रोग्रॅम. नावात फोटो असलं तरी एमपी३ आणि डब्ल्यूएव्ही या आवाजाच्या फायलीही काढतं. ते मांडणीकडे बघतच नाही, थेट फाइलच्या सुरुवातीची खूण शोधतं. त्यात नावं मिळत नाहीत, आणि जी फाइल तुकड्यांत पसरलेली असेल तिच्या मध्ये दुसरंच काही वाजायला लागतं. म्हणून ते नंतर.

---

गोदातीर | ९ डिसेंबर, रात्री १०:१०

यादी दिसली! नावांसकट! १८७ फायली काढून घेतल्या. व्हॉइस फोल्डरमध्ये बुवांच्या एकादश्या आहेत. पहिली उघडली आणि ‘जय जय राम कृष्ण हरी’ सुरू झालं. अण्णांनी मांडीवर ठेका धरला. तिसऱ्या अभंगापर्यंत घरात कुणी बोललं नाही.

पण गौळण त्यात नाही. एकच फाइल अशी आहे जिचा आकार शून्य दाखवतोय. अण्णा म्हणतात तीच. त्या रात्री भजन लांबलं आणि प्लेअरची बॅटरी मधेच संपली होती, त्यांना पक्कं आठवतंय. म्हणजे ते रेकॉर्डिंग मुळात झालंच नाही का?

---

ओझरचा_वाटसरू | १० डिसेंबर, सकाळी ८:००

झालंय, ताई. बहुतेक झालंय. हे माझ्या कामाशी जवळचं आहे (ध्वनिमुद्रण), म्हणून सविस्तर लिहितो.

रेकॉर्डर आवाज सतत चिपवर उतरवत जातो, पण फाइलचा आकार मात्र फाइल बंद करताना नोंदवतो. बॅटरी आधीच गेली तर नोंद शून्यच राहते. आवाज तिथे पडलेला असतो, त्याच्या नावावर काही चढलेलं नसतं. त्यानंतर प्लेअर फार वापरला नसेल तर तो अजून शाबूत असेल.

फोटोरेकला हा सापडायचा नाही, कारण डब्ल्यूएव्हीच्या सुरुवातीला लिहिलेली लांबीही शून्य असेल. पण डब्ल्यूएव्हीत आवाज सहसा न आवळता, कच्चा ठेवलेला असतो. म्हणून ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये इम्पोर्ट, रॉ डेटा, आणि प्रतीची फाइलच द्या. १६ बिट, मोनो. सगळी एकदम नको, सुरुवातीचा ऑफसेट आणि टक्के देता येतात, चतुर्थांश-चतुर्थांश घ्या. डिस्कवर आठ-दहा जीबी मोकळी ठेवा. एमपी३ चा भाग नुसता खरखराट म्हणून दिसेल, वरपासून खालपर्यंत भरलेला पट्टा. कच्चं रेकॉर्डिंग मात्र श्वास घेतल्यासारखं कमी-जास्त होताना दिसेल. डोळ्यांनीच ओळखाल. आवाज कमी ठेवून ऐका, खरखराट कानाला आणि स्पीकरला वाईट.

---

गोदातीर | १२ डिसेंबर, रात्री ११:४०

तिसऱ्या चतुर्थांशात सापडलं. ओझरकर म्हणाले तसंच, काळ्या भिंतीसारखा पट्टा संपला आणि पुढे लाटा सुरू झाल्या. ३८ मिनिटांचं आहे.

सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) किती द्यायचा ते माहीत नव्हतं. ४४१०० ला सगळे चिमणीसारखे आणि दुप्पट वेगाने. १६००० ला आवाज जड, ठेका रेंगाळणारा. २४००० ला एकदम नीट वाटलं. मला वाटलं, झालं. अण्णांना बोलावलं.

अण्णांनी पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, “हे बुवा नाहीत. बुवा एवढ्या वर लावत नव्हते.” मी म्हटलं, अण्णा, आवाज त्यांचाच आहे की. ते काही बोलले नाहीत, उठून आतून पेटी आणली. रेकॉर्डिंग चालू ठेवून एकेक पट्टी दाबून बघितली. पांढरी दोन, खाली राहते. काळी दोन, वर जाते. दोन्हींच्या मधे कुठेतरी सूर, आणि तिथे पेटीला पट्टीच नसते. अण्णा म्हणाले, “मंडळाची पेटी अशी वाजूच शकत नाही. बुवा काळी एकला गायचे.”

मुलाने २२०५० करून बघितलं. अण्णांनी काळी एक दाबून धरली होती. दोन्ही सूर एकमेकांत असे मिसळले की आमची पेटी कुठली आणि रेकॉर्डिंगमधली कुठली ते कळेना. अण्णांनी भाता सोडला नाही. गौळण पूर्ण होईपर्यंत तो एकच सूर धरून बसले होते.

---

ओझरचा_वाटसरू | १३ डिसेंबर, सकाळी ६:५०

अण्णांना माझा साष्टांग नमस्कार सांगा. २२०५० आणि २४००० मध्ये पेटीवरच्या जेमतेम दीड पट्टीचा फरक पडतो. वेगातला फरक नुसत्या कानाला पटकन कळत नाही. मी स्टुडिओत बसूनही २४००० वर समाधान मानलं असतं.

आता हे जपा. कच्चं रेकॉर्डिंग डब्ल्यूएव्हीतच ठेवा, एमपी३ वेगळी काढा. किमान तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या घरी. कपाटात वर्षानुवर्षं पडलेल्या चिपमधला विद्युतभार हळूहळू ओसरतो, म्हणून नुसता पेनड्राइव्ह ठेवून विसरू नका. आणि मंडळाच्या ग्रुपवर पाठवताना व्हॉट्सॲपमध्ये डॉक्युमेंट म्हणून पाठवा, व्हॉइस म्हणून पाठवलंत तर आवाज आवळला जातो.

---

शुद्धसारंग | १३ डिसेंबर, सकाळी १०:३०

धागा पहिल्यापासून वाचते आहे, आज लिहिल्यावाचून राहवलं नाही. ताई, चाल मिळाली आहे तर तिचं स्वरलेखन करून घ्या. विष्णु दिगंबर पलुस्करांनी स्वरलेखनाची स्वतःची पद्धत घडवली आणि त्यांचा रामनाम आधार आश्रम तुमच्याच पंचवटीत होता. बुवांची चाल तिथे कागदावर उतरावी हे फार योग्य होईल. मी गंगापूर रोडला राहते, संगीत विशारद आहे. अण्णांबरोबर दोन-तीन बैठका बसायला आनंदाने येईन. मुरकी आणि जागा कागदावर पूर्ण येत नाहीत, त्यासाठी रेकॉर्डिंगच हवं. पण अंतरा कुठून उचलायचा ते नक्की लिहिता येईल.

---

गोदातीर | १५ डिसेंबर, रात्री ९:००

सारंगताई, नक्की या, तुम्हाला वेगळा निरोप पाठवला आहे. रविवारी सकाळी मंडळाची मुलंही येणार आहेत.

अंतऱ्याचं कोडं सुटलं. बुवा धृपदाच्या शेवटच्या अक्षरावर थांबत नाहीत, तिथूनच श्वास न घेता अंतरा उचलतात, समेच्या दोन मात्रा आधी. अण्णांना वाजवताना हातात ते येत होतं, सांगता येत नव्हतं.

आता एकच राहिलं. शेवटी भैरवी सुरू होते आणि दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर, ३८व्या मिनिटाला, बॅटरी संपते. ते पुढे चिपवर नाहीच. अण्णांना आठवतं की २०१४ च्या त्या कार्तिकी एकादशीला, पंचवटी कारंजाजवळच्या घरगुती भजनाला, दोघा-तिघांनी मोबाइल पुढे धरले होते. नाशिककरांपैकी कुणाच्या घरातलं कुणी त्या रात्री तिथे होतं का? जुन्या फोनमध्ये, मेमरी कार्डात काही असेल तर कृपया चालू करून बघायच्या आधी इथे लिहा.

---

पाथर्डीफाटा | १५ डिसेंबर, रात्री ९:३५

ताई, माझे मामा कारंजाजवळच राहतात, भजनाला जायचे. त्यांचा जुना फोन ड्रॉवरमध्ये पडलेला मी पाहिलाय. उद्या जातो. चालू करणार नाही, फक्त कार्ड काढून आणतो.